लॅपटॉपला धाप लागते

२ फेब्रुवारी

आज तीन दुकाने झाली. पाय दुखत आहेत.

पहिल्या दुकानातल्या माणसाने मी तोंड उघडायच्या आत एक लॅपटॉप पुढ्यात ठेवला. दुसऱ्याने ऑफिसच्या कामाचा दाखवला. मी म्हटले, गेम खेळायला हवा आहे आणि व्हिडिओ न अडकता दिसले पाहिजेत. तो म्हणाला, "नातवासाठी का?" मी बाहेर पडलो.

तिसरे दुकान पुलापलीकडे, अगदी लहान. एक बाई चालवतात, चाळिशीच्या असतील. विक्री आणि दुरुस्ती दोन्ही त्याच करतात. चष्मा कपाळावर आणि हातात स्क्रूड्रायव्हर. म्हणाल्या, "कोणासाठी हवाय, काका?"

मी म्हटले, "हिच्यासाठी."

तोंडातून निघून गेले. एकतीस वर्षे कुठल्याही दुकानात हेच सांगत आलो. चपला कोणासाठी, स्वेटर कोणासाठी, तर हिच्यासाठी. लगेच सुधारायला हवे होते. पण बाईंनी वहीत लिहूनसुद्धा घेतले, 'काकू, गेम आणि व्हिडिओ'. मग राहून गेले.

ही जाऊन आज अकरा आठवडे झाले.

५ फेब्रुवारी

कामावर नेहमीचा दिवस. पाणीपुरवठ्याच्या वर्कशॉपमध्ये मी मीटर तपासतो. तक्रार आली की घरोघरचे मीटर काढून आमच्याकडे येतात. बेंचवर एका रांगेत बारा लावायचे, मोजलेले पाणी सोडायचे, मीटर काय दाखवतो ते लिहायचे आणि शेवटी शेरा. अठ्ठावीस वर्षे हेच करतो आहे. आमच्याकडची पहिली शिकवण अशी की आकडा विचित्र दिसला तर संशय आधी मीटरवर घ्यायचा, माणसावर नंतर.

शेजारच्या बेंचवरच्या माणसाला सगळे वॉशर म्हणतात, कारण काहीही बिघडले तरी तो "वॉशर गेलाय" म्हणतो. जेवताना त्याला सांगितले की गेमचा लॅपटॉप घेतो आहे.

"तू? गेम?" तो म्हणाला. "अरे, एक मेसेज वाचायला तुला अर्धा तास लागतो." मग डबा माझ्याकडे सरकवला. त्याला ही आठवली असावी. म्हणाला, "घे बाबा. चांगला बघून घे. जुन्याचा वॉशर गेला असेल."

जुना लॅपटॉप नऊ वर्षांचा आहे. त्यावर ही ट्रक चालवायची. आयुष्यात कधी सायकलला हात लावला नाही, पण स्क्रीनवर अठरा चाकांचा ट्रक घाटातून न्यायची. लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा तिनेच आईचा वेळ जावा म्हणून हा गेम घालून दिला होता. पुढे ही ट्रक चालवता चालवता बोलायला आणि ते रेकॉर्ड करायला लागली. एक फेरी म्हणजे एक व्हिडिओ. अशा त्रेसष्ट फेऱ्या आहेत. नेटवर टाकायची. बघणारे पंचवीस-तीस जण, कोण कुठले माहीत नाही. त्यांना ही 'मंडळी' म्हणायची.

त्या मंडळींत मी कधी नव्हतो. आता बघतो.

८ फेब्रुवारी

सुट्टी. दुपारी एक्केचाळिसावी फेरी लावली.

"मंडळी, मागचा बघा कसा हॉर्न मारतोय. जा बाबा, जा पुढे. तुझ्या घरी दूध उतू जातंय." हे ऐकून मला हसू आले. बऱ्याच दिवसांनी आले.

मग ती म्हणते, "आता हा जो पूल आहे ना, तो..." आणि चित्र हिसका देते. त्यानंतर, "...तर असं." ट्रक जागेवरच आहे, पुलाचे काय ते मात्र कळत नाही. मधले वाक्य गेले.

सुरुवातीच्या फेऱ्यांत असे होत नाही. पंचविसाव्या फेरीपासून सुरू होते आणि पुढे वाढत जाते. पन्नासाव्या फेरीनंतर तर दर चार वाक्यांत एक गायब. लॅपटॉप म्हातारा होत गेला तसे. ती तेव्हाच सांगायची. मी कामावरून साडेतीनला यायचो आणि हॉलमध्ये टीव्ही लावून बसायचो. आतल्या खोलीतून तिचा आवाज यायचा, "अहो, लॅपटॉपला धाप लागलीय. थांबते जरा." मी म्हणायचो, "बघू, पुढच्या महिन्यात नवा घेऊ." ती म्हणायची, "घाई नाही हो."

असे दीड वर्ष चालले. मी घेतला नाही. विसरलो असेही नाही, पुढे ढकलत राहिलो.

तिचे जेवढे बोलणे शिल्लक आहे ते या त्रेसष्ट फेऱ्यांत आहे. त्यातले निम्मे हे यंत्र खाते आहे. चांगल्या यंत्रावर ते ऐकू येईल असे मला वाटते. तेवढ्यासाठी घ्यायचा आहे.

११ फेब्रुवारी

कामावरून परस्पर पुलापलीकडे गेलो. बाईंनी स्टूल दिले आणि नीट समजावले. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड. गेम आणि व्हिडिओ दोन्हीला ग्राफिक्स कार्ड वेगळे हवे, नुसती रॅम वाढवून भागत नाही.

मी म्हटले, "म्हणजे टाकी मोठी आणि नळ बारीक, असं नको."

"बरोब्बर! काका, तुम्ही पाण्यातले दिसता."

"मीटर तपासतो."

"मग तुम्हाला फसवणं अवघड आहे," त्या म्हणाल्या. "काकूंना कुठला गेम आवडतो?"

"ट्रकचा."

त्या मोठ्याने हसल्या. "भारी आहेत काकू! आणि एका दमात किती वेळ खेळतात?"

"तास, दीड तास. पण मध्ये मध्ये थांबावं लागतं."

"का?"

"लॅपटॉपला धाप लागते."

"हा काकूंचा शब्द ना? तुमचा वाटत नाही." मग पुढे म्हणाल्या, "त्यांनाच घेऊन या एकदा. कीबोर्ड हाताला कसा लागतो ते ज्याचं त्यानं बघावं."

मी म्हटले, "ती फारशी बाहेर पडत नाही. तीन मजले आहेत, लिफ्ट नाही."

हे खोटे नव्हते. शेवटच्या वर्षात तिने बाहेर पडणे कमीच केले होते. एकत्र बाहेर गेलो की परत येताना दुसऱ्या मजल्यावर नोटिशींचा फलक आहे तिथे ती हमखास थांबायची आणि सगळ्या नोटिशी वाचायची. महिना महिना तीच नोटीस असायची, तरी वाचायची. मी वर जाऊन कुलूप काढून ठेवायचो. वाचनाची आवड तिला पहिल्यापासून होती.

१४ फेब्रुवारी

लेकीचा फोन.

"बाबा, लॅपटॉप तुम्हाला कशाला हवाय?"

सांगितले. ती म्हणाली, "मला नाही बघवत आईचे व्हिडिओ. पहिल्या मिनिटाला बंद करते."

पण फोन ठेवला नाही. नंतर म्हणाली, "बाबा, एक विचारू? आईला दम लागायचा का हो?"

मी म्हटले, "नाही. ती कधी म्हणाली नाही."

"डॉक्टर म्हणाले होते ना, हृदयाचं हे बरेच महिने चालू असणार म्हणून."

"डॉक्टर शंभर गोष्टी म्हणतात. सकाळी ती ठीक होती, दुपारी गेली. ह्याला अचानकच म्हणतात."

"बरं," ती म्हणाली. "जेवा वेळेवर."

१९ फेब्रुवारी

बरे वाटत नव्हते. रजा टाकली. मोठे पातेले शोधताना लक्षात आले की स्वयंपाकघरातल्या वरच्या फळ्या पूर्ण रिकाम्या आहेत. हिने सगळे खालच्या कप्प्यांत आणून ठेवले होते. कधी केले कोण जाणे. सोयीचे आहे, हात वर करावा लागत नाही.

२३ फेब्रुवारी

दोन लॅपटॉप उरले आहेत. एक पातळ, दिसायला देखणा, स्क्रीन फारच सुंदर. दुसरा जाडजूड, वजनाला विटेसारखा, दोन पंखे, चार्जरच एवढा की त्याला वेगळी पिशवी लागेल.

बाई म्हणाल्या, "पातळ आहे ना, तो सुरुवातीला पळतो. तापला की आपला आपण वेग कमी करतो. कुणाला कळूही देत नाही. तुम्हाला वाटतं सगळं ठीक चाललंय."

"आणि हा?"

"हा बोंब मारतो. पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जाईल. पण काम सोडत नाही."

मी पेन ड्राइव्हवर एक्केचाळिसावी फेरी नेली होती. जाडजूड लॅपटॉपवर लावून बघितली. चित्र असे स्वच्छ की घाटातले दगड मोजावेत. पुलापाशी हिसका बसलाच.

बाई म्हणाल्या, "लॅपटॉपचा नाही हा दोष. फाइलमध्येच आहे. ठेवून जा, निवांत बघते."

मी ठेवली नाही. कॉपी करताना बिघडली असेल. घरी जुन्यातून सरळ नव्यात घेतली की कळेल. शिवाय ते बोलणे दुसऱ्या कोणी निवांत बघावे हे मला बरे वाटले नाही.

१ मार्च

जाडजूड घेतला. तीन मजले चढवताना दोनदा खाली ठेवला.

बाईंनी जुन्यातले सगळे नव्यात घालून दिले. गेम उघडला. हिचा ट्रक एका पेट्रोल पंपाच्या कडेला उभा होता. मागे माल भरलेला, टाकी अर्धी. चौसष्टावी फेरी अर्धवट राहिली होती.

मी चालवून बघितला. चाळीस पावलांत खांबाला धडकवला. ती असती तर मंडळींना म्हणाली असती, "हे आमचे हे. ह्यांना फक्त उभं राहिलेलं वाहन आवडतं."

४ मार्च

तीन संध्याकाळी लावून पंचवीस ते त्रेसष्ट सगळ्या फेऱ्या तपासल्या. नव्यावर कुठेही थरथर नाही, आवाज स्वच्छ. आणि हिसके सगळे होते तिथेच आहेत. सेकंदाचाही फरक नाही.

बेंचवर एकच आकडा दोन वेगवेगळ्या मीटरांनी दाखवला तर आम्ही मीटरला दोष देत नाही. तेवढे पाणी खरेच गेले असे लिहितो.

आज एवढेच लिहितो.

७ मार्च

लॅपटॉप घेऊन दुकानात गेलो. थोडा रागातच गेलो होतो.

बाईंनी राग ओळखला. हातातले काम बाजूला ठेवले आणि पन्नासावी फेरी लावली. दोनदा बघितली. मग स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले.

"काका, इथं बघा. काकू गेम छोट्या खिडकीत चालवतात, त्यामुळे खालचं घड्याळ पण रेकॉर्ड झालंय. हिसक्याच्या आधी किती?"

"चार बारा."

"आणि नंतर?"

"चार एकोणीस."

"म्हणजे अडकलं काहीच नाही. त्यांनी गेम थांबवला, रेकॉर्डिंग थांबवलं आणि सात मिनिटांनी पुन्हा सुरू केलं. कापलेलं नाही, मुळात रेकॉर्ड झालेलंच नाही."

जुन्या लॅपटॉपचा तो कोपरा काळा पडला आहे. तिथे घड्याळ आहे हे मला माहीतच नव्हते. अठ्ठावीस वर्षे मी काटे आणि आकडे वाचतो.

बाईंनी हेडफोन लावले आणि हिसक्याच्या आधीचे दहा सेकंद पुन्हा पुन्हा ऐकले. आणखी दोन फेऱ्या लावून बघितल्या, त्यांतही तेच. मग हेडफोन काढून हळू आवाजात म्हणाल्या, "काका, राग मानू नका. काकूंना दम लागतो का?"

मी चार्जरची वायर गुंडाळायला लागलो.

"वाक्य संपवता येत नाहीये त्यांना. श्वास पुरत नाही. बंद करतात, थांबतात, मग सुरू करतात. लॅपटॉपवर ढकलत असतील, बायका तसं करतात. तुम्ही उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखवा. हे साधं नाही."

त्यांनी दुकानाच्या कार्डामागे एक नाव आणि नंबर लिहिला. "हे हृदयाचे डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत. सकाळी नऊला बसतात. माझं नाव सांगा, लगेच घेतील. दाखवाल ना?"

मी म्हटले, "दाखवतो."

८ मार्च

बेंचवर करतो तसा तक्ता केला. फेरी, हिसक्याआधीची वेळ, नंतरची वेळ, फरक. जिथे घड्याळ दिसते तिथले सगळे उतरवले. पंचविसाव्या फेरीत दोन मिनिटे. चाळिसावीत सहा. साठावीत तेवीस. शेवटच्या फेरीत ट्रक एकवीस मिनिटे चालतो आणि मध्ये एक तास थांबतो.

त्या प्रत्येक वेळी मी घरात होतो. सगळ्या वेळा चार ते सहाच्या मधल्या आहेत.

शेऱ्याचा रकाना आखला आहे. काय लिहायचे ते सुचत नाही.

१२ मार्च

दुकानातल्या बाईंचा फोन. "काका, दाखवलं का? काय म्हणाले डॉक्टर?"

मी म्हटले, येऊन सांगतो. गेलो. एक गिऱ्हाईक होते, ते जाईपर्यंत स्टुलावर बसलो.

मग म्हटले, "ही नोव्हेंबरमध्ये गेली."

त्यांना आधी समजलेच नाही. म्हणाल्या, "कुठे?" आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत, मी सवयीने हिच्यासाठी म्हटलं. नंतर सांगता आलं नाही. तुम्हाला फसवायचं नव्हतं."

त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मग त्यांचे डोळे भरून आले आणि रागही आला असावा. "आणि मी म्हणतेय डॉक्टरांना दाखवा! मला पाच दिवस झोप नाही, काका. वाटत होतं, हा माणूस नेतो की नाही बायकोला."

मी म्हटले, "तुमचं बरोबर होतं. तुम्ही दहा सेकंदांत ओळखलंत."

"माझ्यासमोर कोणीतरी 'ऐक' म्हणून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "शेजारच्या खोलीतलं ऐकू येणं वेगळं."

माझी समजूत काढण्यासाठी म्हणाल्या. चांगल्या आहेत. मला त्याचा उपयोग झाला नाही.

१३ मार्च

लेकीला फोन केला. म्हटले, "त्या दिवशी तू दम लागण्याचं विचारलंस ते. लागायचा. दीड वर्ष लागत होता." घड्याळाचे सगळे सांगितले, तक्ता वाचून दाखवला.

ती रडेल असे वाटले होते. ती म्हणाली, "बाबा, माझ्याशी फोनवर बोलताना तिचं नेटवर्क जायचं."

"म्हणजे?"

"वाक्याच्या मध्येच गप्प व्हायची. मग म्हणायची, अगं, इकडे नेटवर्क गेलं होतं. मी तिच्या फोन कंपनीकडे तीन वेळा तक्रार केली, बाबा. तिचं सिम कार्ड बदलून घेतलं."

मी तक्ता घडी करून ठेवला. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही एकटे नका बघत बसू. उद्या रात्रीच्या गाडीने निघते मी."

१५ मार्च

लेक काल रात्रीच्या गाडीने निघणार होती, ते जमले नाही, ती आज संध्याकाळी पोचेल. दुपार मोकळी होती.

छप्पन्नाव्या फेरीत चौदाव्या मिनिटाला चित्र गोठते. जुन्यावर गोठायचे, नव्यावरही गोठते. हा एवढा व्हिडिओ खराब आहे असे धरून मी तो दर वेळी पुढे ढकलायचो. तक्त्यातही घेतला नव्हता. आज कोपऱ्याकडे बघितले, तर घड्याळ चालू होते. चित्र गोठलेले नाही. ट्रक रस्त्याच्या कडेला थांबवलेला आहे. रेकॉर्डिंग बंद करायला ती विसरली, किंवा तेवढे करणेही जमले नसेल.

हेडफोन लावले. चार तेहतीस ते चार बेचाळीस.

आधी नुसता श्वास आहे. वर ओढलेला, अर्धा सोडलेला, पुन्हा ओढलेला. खुर्चीचा आवाज. ती पुढे वाकून टेबलाला धरून बसली असावी. लांबून टीव्हीचा आवाज येतो, कुठल्या तरी सामन्याचा.

चार छत्तीसला माझा आवाज आहे. "अगं, चहा टाकू का?"

ती उत्तर देत नाही. देता येत नाही. श्वास घ्यायला तोंड उघडते आणि तेवढ्यातच सगळा दम संपतो.

मग पुन्हा माझा आवाज. "बरं, राहू दे." आणि टीव्ही मोठा होतो.

मला यातले काहीही आठवत नाही. तो दिवस मला इतर दिवसांसारखाच गेला असणार.

चार चाळीसला पेला ठेवल्याचा आवाज येतो. चार बेचाळीसला ती घसा खाकरते आणि नेहमीच्या आवाजात म्हणते, "हं. चला मंडळी, निघू या. पुढे उतार आहे, सावकाश घेऊ."

हॉलमधल्या माझ्या खुर्चीपासून या खोलीच्या दारापर्यंत सात पावले आहेत. आज मोजली.